दूधकट्ट्यावरचा सल्ला

बीएस्सीच्या पोराने माणसांवर लिहावं, हे जरा जास्तच होतंय; माफ करा.

कोल्हापूरच्या दूधकट्ट्यावर एक गवळी समोर म्हशीची धार काढून फेसाळ पेला द्यायचा, वर फुकटचा सल्ला. मला नैराश्यावरची गोळी घेताना पाहून तो म्हशीची पाठ थोपटत गरजला, "पावणं, गोळीनं ताकद येती व्हय? ही शिकलेल्यांची थेरं!" गिऱ्हाइकं हसली.

मी चाचरत म्हणालो, "ताकद पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियात तयार होते. ही गोळी मेंदूतल्या ज्या रसायनावर काम करते, त्या सेरोटोनिनचा त्यांच्याशी संबंध दिसतोय. गोळीने नेमकं काय होतं, ते अजून शोधतायत."

"मग तवर दूध प्या की!"

पुढे महिनाभर तो दिसला नाही. म्हैस आणायला गडहिंग्लजला गेलाय, असं कट्ट्यावरचे म्हणत. शेवटी त्याच्या भावाने मला बाजूला घेतलं. "अंथरुणातनं उठवतच न्हवतं त्याला. डॉक्टरनं तुमच्यासारख्याच गोळ्या दिल्यात. किती दिसांनी ताकद येती, इचारलंय त्यानं. पण कट्ट्यावर बोलू नका."