कडूबाकाका माझ्या ड्रॉइंगमध्ये बसले नाहीत

मंडळी, आज सकाळी एका माणसाने माझं ड्रॉइंग बसल्या बसल्या नापास केलं.

सेनगावजवळच्या एका तांड्यावर पाणीयोजनेचं नवं पंपघर होतंय. डिझाइन माझं. जमिनीवर पांढरी फक्की टाकून मी भिंती आणि मोटारीची जागा आखली. खोदायला जेसीबी तयारच होता. तेवढ्यात गावाला पाणी सोडणारे कडूबाकाका पाना घेऊन आले आणि मोटारीच्या जागेमागे उकिडवे बसले.

"काका, काय करून राहिले?"

"मोटार दुरुस्त करून राहिलो, मॅडम. नट मागूनच खोलावे लागतेत."

त्यांनी हवेत पाना फिरवला. कोपर फक्कीच्या भिंतीपलीकडे गेलं.

"जुन्या खोलीत बी असंच व्हतं," म्हणत त्यांनी बाही वर केली. कोपरावर घट्टा पडला होता.

माझ्या ड्रॉइंगमध्ये मोटार बसत होती, पाइप बसत होते. काका तेवढे बसत नव्हते.

मी ती रेघ पायाने पुसली आणि फक्की त्यांच्या हातात दिली. भिंत दोन फूट मागे गेली.

जेसीबीवाला वरून म्हणाला, "मॅडम, आमची केबिन आखायला बी काकालाच धाडा."

तुमच्या कामाची जागा आखताना तुम्हाला कुणी तिथं बसवून पाहिलं होतं का?