सत्तावीस नोंदी, एकच अंक

जबलपूरला लोक भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहायला जातात. मी एक कपाट पाहायला गेले. धबधबा, नौकाविहार, रोपवे यांची माहिती हवी असेल तर दुसऱ्या कुणाचा ब्लॉग उघडा, त्यावर फोटोही माझ्यापेक्षा बरे असतील. पण घरातल्या माणसांचं काही जुनं लिखाण ‘आता ऑनलाइन आहे’ म्हणून तुम्ही निर्धास्त असाल, तर हे शेवटपर्यंत वाचा.

माझी आई जबलपूरची. आजोबा रांझीजवळच्या लष्करी कारखान्यात कामाला होते. राज्यांची नव्याने आखणी झाली तेव्हा त्यांच्या ओळखीतली निम्मी मराठी घरं नागपूरकडे आली. आजोबांची नोकरी तिथली, त्यामुळे ते राहिले. उरलेल्या घरांनी एक मंडळ धरून ठेवलं आणि दर गणपतीत एक हस्तलिखित काढायला सुरुवात केली. अंकाची एकच प्रत असायची, आणि ज्याचा लेख त्यानेच तो आपल्या हाताने लिहायचा असा नियम होता. मग ती प्रत वर्षभर घरोघर फिरायची.

आईची थोरली बहीण कुसुममावशी एकविसाव्या वर्षी काविळीने गेली. आजीला ते सोसेना. तिने मावशीची ट्रंक, वह्या, साड्या, फोटो, सगळं घराबाहेर काढलं. आज आमच्याकडे मावशीचं काहीही नाही, एक फोटोसुद्धा नाही. फक्त एका वर्षी तिने हस्तलिखितात लेख लिहिला होता, एवढं आईला आठवत होतं.

आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे आणि तिच्या डोळ्यांचा पडदा झिजतोय. डॉक्टर म्हणाले, वाचण्यापुरती नजर आणखी सहा महिने राहील, जास्त नाही. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, “कुसुमचं अक्षर एकदा दिसलं असतं तर बरं झालं असतं.” आईने आयुष्यात काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी त्याच रात्री शोधायला बसले.

आणि सापडलं! देशाच्या ग्रंथालयांचा एक मोठा डिजिटल संग्रह आहे. नाव लिहीत नाही, कारण चूक एकाची आणि शिव्या दुसऱ्याला असं होईल. संग्रह खुला आहे, फुकट आहे, कुणीही शोधावं, कुणीही उतरवून घ्यावं. त्यात मंडळाच्या हस्तलिखिताच्या सत्तावीस नोंदी होत्या. सातव्या नोंदीत लेखकांच्या यादीत चक्क मावशीचं नाव होतं आणि पुढे लेखाचं शीर्षक, ‘भोंग्यानंतरची गल्ली’. मी अक्षरं मोठी करून आईला दाखवली. तिने पडद्यावर बोट ठेवून नाव दोनदा वाचलं आणि म्हणाली, “उघड ना मग. काहून थांबली?”

उघडलं तर पानं निघाली पहिल्या वर्षाच्या अंकाची. पंधरावी नोंद उघडली, तीच पानं. सत्ताविसावी उघडली, तीच पानं. सत्तावीस दारं आणि सगळ्यांच्या मागे एकच खोली. मला वाटलं, जोडणीत काही चूक असेल, मूळ अंक मंडळाच्या कपाटात असतीलच. आपणच जाऊन फोटो काढून आणू. दोन दिवसांची रजा टाकली आणि निघाले.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: नागपूरहून बसने मनसर, सिवनी, लखनादौनमार्गे सहा-सात तास लागतात. भाडं पाचशेच्या आसपास. रस्ता आता उत्तम झाला आहे. पेंचच्या जंगलातून तो उंचावरून जातो, खालून जनावरांना वाट सोडली आहे, आणि दोन्ही बाजूंना आवाज अडवणारे पत्रे असल्यामुळे तुम्हाला जंगल दिसत नाही. सिवनीला बस थांबते तिथे चहा घ्या, समोसे घेऊ नका. जानेवारीत स्वेटरवर शाल ठेवा. लखनादौनपर्यंत धुकं होतं आणि ड्रायव्हर ते नसल्यासारखी गाडी हाकत होता.

बडा फुहारा चौकाजवळच्या एका लॉजवर उतरले. खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळी सात ते आठ, खिडकी उघडली की खाली कापडाची दुकानं आणि हॉर्न. चौकातली खोव्याची जलेबी जरूर खा. काळपट, जड, एकीत पोट भरतं. ती खाताना मी खुशीत होते, हे आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मंडळाचे सचिव देवपुजारी काका जवळच राहतात. निवृत्त शिक्षक, वय पंच्याहत्तरच्या पुढे, गळ्याला मफलर. फोनवर मी फक्त ‘जुने अंक पाहायचेत’ म्हटलं होतं. त्यांनी चहाबरोबर मुगाच्या डाळीचे गरम मंगोडे मागवून ठेवले होते. दारातच मी आजोबांची ओळख सांगितली.

“या या, बसा. अच्छा, रांझीवाल्यांच्या नातीन तुम्ही! आमच्या अंकासाठी नागपूरहून कोणी येऊन राहिलं म्हटल्यावर हिला म्हटलं, बघ, सोनं झालं कामाचं.”

मी विचारलं, “काका, अंक इथे आहेत की मंडळाच्या कार्यालयात?”

“अंक? अंक तर सगळे कॉम्प्युटरवर गेले ना बेटा. पूरे सत्तावीस. मी स्वतः यादी बनवून दिली होती, कोणाचा कोणता लेख, सगळं. पंधरा दिवस लिहून राहिलो होतो.”

“पण मूळ अंक?”

काकांनी कप खाली ठेवला. कार्यालयाच्या भिंतीला ओल आली, कपाटाला वाळवी लागली, जागा रिकामी करून द्यायची होती. कमिटीत कुणीतरी रद्दीचं नाव काढलं, तेव्हा काका खवळले. दर अंकाच्या पहिल्या पानावर गणपती काढलेला. गणपती रद्दीत कसा घालायचा? मग ठरलं, जीर्ण पोथ्यांचं करतात तसं करायचं. गेल्या अनंत चतुर्दशीला मंडळाच्या मूर्तीबरोबर ग्वारीघाटावर सगळे अंक नर्मदेत सोडले.

“हळदकुंकू वाहिलं, दूर्वा ठेवल्या,” काका म्हणाले. “एकेक अंक माझ्या हाताने सोडला. डोळ्यात पाणी आलं, पण म्हटलं, चलो, सरकारच्या घरी सुरक्षित आहेत. आता वाळवी लागणार नाही.”

“काका, तुम्ही ते उघडून पाहिले होते?”

“पाहिला ना. पहिला पाहिला. काय सुंदर दिसून राहिला होता!”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. नाही बसले. फोन काढला, दुसरी नोंद उघडून त्यांच्या हातात दिली. मग तिसरी. मग चौथी. त्यांना आधी कळेना, मग ते स्वतःच बोटाने पुढे जाऊ लागले. नवव्या नोंदीला थांबले. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या.

“हे तेच आहे,” काका म्हणाले. “हे सगळं तेच आहे.”

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की पंच्याहत्तरी उलटलेल्या माणसाशी असं बोलू नये. निघताना दारात मी विचारलं, मावशीचा लेख तुम्ही वाचला होता का? त्यांनी मफलरचं टोक हातात धरलं.

“यादी करताना पाहिला होता. दोन पानं होती. निळी शाई.” मग म्हणाले, “याच्यापेक्षा जास्त याद नाही बेटा. सगळं वाचायला पाहिजे होतं मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रांझीला गेले. काकांनी अंक स्कॅन करणाऱ्या एजन्सीत तेव्हा कामाला असलेल्या माणसाचं नाव दिलं होतं. तो आता तिथे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवतो. बडा फुहाऱ्याहून शेअरिंगची ऑटो मिळते, मधे एकदा बदलावी लागते. कारखान्याची पाळी सुटायची वेळ असेल तर रस्ता मोटरसायकलींनी भरून जातो, तेव्हा हातात वेळ ठेवा. आईच्या क्वार्टरची गल्ली सापडली. तिथे एक कुत्रं आणि वाळत घातलेली रजई होती. दहा मिनिटं उभी राहिले, मला काही वाटलं नाही.

दुकानातले राकेश भैया पस्तिशीचे, सभ्य, थकलेले. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी स्टूल पुसून दिलं.

“याद है दीदी,” ते म्हणाले. “गणेशजी वाली कॉपियाँ। सबका नाम एक, सबका कवर एक, गणेशजी भी वही के वही। ऊपर से साफ़ बोला था, एक किताब एक ही बार स्कैन होगी, डुप्लीकेट में टाइम नहीं देना। तो हमने एक की, बाकी सब डुप्लीकेट में लगा दीं।”

“पण आत तर वेगळं होतं ना सगळं!”

“मराठी थी दीदी। पन्ना पलटा था, पर पढ़ी किसने? साल भी कवर पे नहीं लिखा था।”

त्यात खोटं काही नव्हतं. मंडळाची रीतच तशी होती. सराफ्यातल्या एका मराठी सोनाराकडे गणपतीचा एक खाका होता. दर वर्षी तोच खाका कागदावर ठेवून तो तोच गणपती उतरवून द्यायचा, म्हणजे देव बदलायला नको. साल शेवटच्या पानावर, समारोपाच्या खाली. स्कॅनिंगवाल्याने शेवटचं पान पाहिलं नाही, कमिटीने दुसरी नोंद उघडली नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. सत्तावीस नोंदी कशा झाल्या विचारलं, तर काकांची यादी सत्तावीस अंकांची होती म्हणून. नोंदी यादीवरून भरल्या आणि सगळ्यांना तीच एक फाइल जोडून टाकली. यादीचा कागद अंकांच्याच गठ्ठ्यात परत गेला. म्हणजे तोही पाण्यात.

“बुरा हुआ दीदी,” राकेश भैया म्हणाले. “किसी अपने का था क्या?”

मी हो म्हटलं. चहाला नाही म्हणाले आणि तशीच ग्वारीघाटाला गेले. ऑटोवाला दीडशे म्हणाला, मी घासाघीस केली नाही. दुपारची वेळ, आरतीची गर्दी नव्हती. नावाडी ‘उस पार, उस पार’ ओरडत होते. पाणी संथ होतं, पायऱ्यांशी झेंडूच्या माळा, नारळाच्या शेंड्या आणि प्लास्टिक साचलेलं. तिथे काय शोधत होते मी? भिजलेला कागद चार महिने टिकत नाही, हे मलाही कळतं. तरी पायरी-पायरीने शेवटपर्यंत पाहत गेले.

तिथेच बसून मी संग्रहाच्या संकेतस्थळावर ‘चूक कळवा’ हा फॉर्म भरला. रागात होते, पण मुद्देसूद लिहिलं. सत्तावीसपैकी सव्वीस नोंदींना चुकीची पानं जोडली आहेत, मूळ अंक आता अस्तित्वात नाहीत, नोंदी वाचकांची दिशाभूल करतात, कृपया त्वरित दुरुस्ती करावी. पाठवल्यावर आभाराचा हिरवा चौकोन आला. निदान एक काम धड झालं, असं वाटलं.

परतीची बस सकाळची घ्या, दुपारची लखनादौनला फार वेळ थांबते. नागपूरला पोचेपर्यंत आईला काय सांगायचं ते ठरवत होते. काही ठरलं नाही, म्हणून सरळ सगळं सांगितलं.

आई रडली नाही. काकांना मी काय बोलले ते मात्र तिने खोदून विचारलं आणि म्हणाली, “उद्या फोन करून माफी माग त्यांची. त्यांनी देव समजून केलं.” मी निळ्या शाईचं सांगितलं. ती एकदम सरळ होऊन बसली.

“निळीच! बाबा दौत आणून देत होते तिला. मला हात लावू देत नव्हती, मी सांडते म्हणून.” मग म्हणाली, “जाऊ दे. अक्षर गेलं. नाव तर आहे ना तिथं? छापलेलं?”

“आहे,” मी म्हणाले. तेव्हा ते होतं.

काकांना फोन केला. ते म्हणाले, “तुम्ही काहून माफी मागता बेटा,” आणि फोन काकूंकडे दिला.

नऊ दिवसांनी संग्रहाचा मेल आला. आपल्या सूचनेबद्दल आभार, आपण दर्शवलेल्या सव्वीस द्विरुक्त नोंदी काढून टाकण्यात आल्या आहेत. मी धावत जाऊन सातवी नोंद उघडली. पान सापडत नाही. मावशीचं नाव घालून शोधलं. एकही निकाल नाही. नोंद सदोष असली तरी लेखकांची यादी खरी होती, ती एका माणसाने पंधरा दिवस बसून केली होती, आणि जगात ती आता तेवढीच उरली होती, हे मी फॉर्ममध्ये कुठेच लिहिलं नव्हतं. नोंदी परत ठेवा म्हणून तीन मेल केले. उत्तर आलं, की मूळ सामग्री उपलब्ध असल्याशिवाय नोंद करता येत नाही. त्या पानाचा फोटो मी काढून ठेवला नव्हता. लिंक आहे की, म्हणून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

तुम्ही तरी काढून ठेवा. आत्ता, हे वाचून झाल्यावर. एक नोंद उघडून थांबू नका, प्रत्येक उघडा, शेवटच्या पानापर्यंत जा, आणि मूळ कागद कुणी कितीही भक्तिभावाने मागितला तरी हातातून सोडू नका.

आईची नजर आता आणखी उतरली आहे. परवा तिने माझा फोन चाचपत उचलला आणि म्हणाली, “कुसुमचं नाव काढून दे जरा, मोठं करून.” मी एक कोरं पान उघडलं, मावशीचं नाव टाइप केलं, अक्षरं मोठी केली आणि फोन तिच्या हातात दिला. तिने बोट ठेवून दोनदा वाचलं. मग विचारलं, “आणि लेखाचं नाव? ते खाली होतं ना?”

मी तेही टाइप केलं.