मोठीमायचा हलका पाय

मोठीमाय गाडी चालवायला बसली की आधी चपला काढून सीटखाली सरकवायची. आमची मालवाहू पिकअप ती अनवाणी पायानं चालवायची. आमच्या देऊळघाट गावात नवीन आलेल्या माणसाला बाई पिकअप चालवते याचंच नवल वाटे. मला वाटे ते त्या पायाचं. ॲक्सिलरेटरवर तो आहे की नाही, हे इंजिनलाही कळत नसावं. "निजल्या लेकराच्या पाठीवर हात ठेवतो ना माय, तसा ठेवा लागते," ती म्हणायची.

माझ्या थोरल्या काकांची, मोठेबाबांची ही बायको. गाडी घेतली मोठेबाबांनी, पण ते ती अशी पळवायचे की टाकी भरून आणली न आणली तोच रिकामी. एक दिवस हिनं किल्ली मागून घेतली, शिकली, आणि वांगी, मेथी आणि आमच्याकडे सांबार म्हणतात ती कोथिंबीर घेऊन बोथ्याच्या घाटातून खामगावच्या बाजाराला जाऊ लागली. मोठेबाबा शेजारी बसून सुपारी कातरत आणि बैलगाडी पुढे जाईल म्हणून चिडवत. ती मनावर घेत नसे.

मी खामगावला नोकरीला, त्यामुळे जाता-येता पुष्कळदा सोबत असे. दूरवर गतिरोधक किंवा म्हशी दिसल्या की मोठीमाय पाय उचलून घ्यायची. गाडी आपली आपण मंदावत जायची. करकचून ब्रेक मारणं म्हणजे जाळलेलं डिझेल मातीत ओतणं, असं तिचं मत. उतारावरही ती न्यूट्रल करत नसे. गिअर तसाच ठेवून नुसता पाय काढायची. चाकांतली हवा स्वतः उभी राहून तपासून घ्यायची. बाजाराच्या तोंडाशी रांग लागली की इंजिन बंद. मागचे हॉर्न वाजवून थकत, शिव्या देत पुढे निघून जात. "जाऊ दे त्याले. तोबी तिथंच जाऊन राह्यला," एवढंच ती बोले.

एका शनिवारी दुपारी आम्ही तिघं रिकामी गाडी घेऊन परतत होतो. घाट चढून वर आलो आणि मोठेबाबांनी छाती धरली. बघता बघता सदरा घामानं भिजला. जंगलात मोबाइलला रेंज नव्हती. मोठीमायनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पाय दाबला.

त्या गाडीचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मागे रिकामे क्रेट आपटत होते, वळणावर टायर किंचाळत होते. समोरच्या ट्रकला तिनं असं मागं टाकलं की मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा तिचा चेहरा दिसला. तो घाबरलेला असेल, असं मी धरून चालले होते. तो तसा नव्हता. त्या घाईत मला त्याचा अर्थ लागला नाही.

बुलडाण्याला दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. मोठेबाबा वाचले. भेटायला येणारा जो तो मोठीमायला हात जोडे. नवऱ्यासाठी जिवावर उदार झाली म्हणे. ती खाली मान घालून ऐकून घेई. एका दुपारी गर्दी ओसरल्यावर ती पायऱ्यांवर माझ्याशेजारी येऊन बसली.

"माय, तुले एक सांगू? त्या दिवशी मले मजा आली."

माझ्या ऐकण्यातच काही चुकलं, असं मला वाटलं.

"हे बाजूले तडफडून राह्यले होते, अन् मले मजा आली. ट्रक मागं पडला तवा तं लय. बुलडाणा दिसलं तं वाटलं, काऊन इतक्या लवकर आलं?"

ती उत्तरासाठी थांबली नाही. पदर सावरून आत गेली.

त्यानंतर तिनं गाडीला हात लावला नाही. पगारी ड्रायव्हर ठेवला. मोठेबाबांना वाटे, बिचारीनं त्या दिवसाची धास्ती घेतली. मी खरं काय ते कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? मलाच ते पचत नव्हतं.

गेल्या वर्षी झोपेतच ती गेली. तेराव्याला पंगती उठल्यावर मोठेबाबा पाहुण्यांत बसले होते. जन्मभर सावकाश चाललेल्या बाईनं आपल्यासाठी गाडी कशी उडवली, ते सांगता सांगता थांबले आणि माझ्याकडे वळले.

"पोरी, मले तं तवा काही दिसत नव्हतं. तू पाह्यलं असशीन. कशी दिसत होती थे?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढे लख्ख उभा राहिला.

"लय सुंदर दिसत होती, मोठेबाबा," मी म्हटलं.

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.