थोरल्या दिरांच्या गाई आणि गायरानाचा डोंगर

माझे थोरले दीर कुणाच्याही गाईला नाही म्हणत नाहीत. लोकांना हे फार मोठं वाटतं. मला त्याचा संताप येतो.

हिंजवडीच्या मागच्या अंगाला आमचं गाव होतं. आता तिथे टॉवर आहेत आणि टॉवरच्या मागे सरकारी गायरानाचा डोंगर तेवढा उरलाय. उघडा, मुरमाड, पावसाळ्यातच काय तो हिरवा. त्याला एकच शिस्त होती. पाऊस लागला की दसऱ्यापर्यंत वर जनावर सोडायचं नाही. गवत वाढून त्याचं बी गळू द्यायचं, मग विळ्याने कापून ज्याने त्याने आपली गंजी रचायची आणि त्यानंतर जनावरं सोडायची. सासरे होते तोवर ही शिस्त मोडायची कुणाची टाप नव्हती. माझ्या दोन गावठी गाई त्या गंजीवर उन्हाळा काढायच्या. विकतचा चारा घालून गाई पाळणं मला कधीच झेपणारं नव्हतं.

सासरे गेले आणि दिरांनी गोशाळा काढली. जमिनी विकून झाल्या होत्या, दारात गाडी होती, आता मान हवा होता. सोसायट्यांमधली माणसं रविवारी मुलांना घेऊन येतात, गाईला पोळी भरवतात, फोटो काढतात आणि जाताना दिरांच्या पाया पडतात. कुणी आटलेली गाय आणून सोडतं, कुणी नकोसं झालेलं खोंड. दीर हात जोडून ठेवून घेतात. पोळ्यांनी एवढ्या जनावरांचं पोट भरत नाही, हे पोळ्या आणणाऱ्यांना कोण सांगणार? त्यांना सोमवारी ऑफिस असतं.

यंदा श्रावणातच त्यांनी सगळा कळप डोंगरावर सोडला. मी गोशाळेत जाऊन भांडले. गवताला अजून तुरासुद्धा नाही, बी पडलं नाही तर पुढच्या वर्षी काय उगवणार, असं विचारलं. समोर पाहुणे बसले होते, म्हणून ते गोड हसले.

"गाईला डोंगर बंद करनारी तू कोन?"

पाहुण्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच गाईच्या तोंडचा घास काढला होता.

दसरा झाल्यावर विळा घेऊन वर गेले तर कापायला काही नव्हतंच. खुरांनी उकरलेला मुरूम, मधूनमधून घाणेरीची झुडपं, आणि माती सगळी पावसाबरोबर ओढ्यात गेलेली. मला रडू आलं ते रागाने. गाईंना काय दोष द्यायचा? डोंगर खाल्ला तो दिरांच्या मोठेपणाने. उन्हाळ्यात माझ्या गाईंपुढे काय टाकायचं, हे मात्र मला सुचेना.

पुढे देवळात बैठक बसली. डोंगर चराईला चालू ठेवायचा की काही वर्षं कुंपण घालून बंद करायचा, हे सरकारी साहेबांना गावाकडून ऐकायचं होतं. दिरांनी आधीच सगळ्यांना चहा पाजून ठेवला होता. डोंगर पिढ्यानपिढ्या आपल्या गाईंचा आहे, टॉवरमधून वर फिरायला येणाऱ्यांची सोय बघू नका, असं त्यांनी भाषण केलं. माना डोलल्या. थोरल्यांसमोर चारचौघांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उभी राहिले.

"बंद करा साहेब," मी म्हणाले. "सगळ्यांनाच बंद करा. माझ्या गाईंनाबी."

नवरा मान खाली घालून बसला. साहेबांनी मग आणखी चौघांना विचारलं, आणि त्यांनाही कंठ फुटला. दिवाळी सरता सरता कुंपण उभं राहिलं.

तरणी गाय माझ्या भावाने माहेरी नेली. म्हातारी कुणी घेईना. शेवटी मीच तिला दाव्याला धरून गोशाळेत घेऊन गेले. बैठकीपासून दीर माझ्याशी बोलत नव्हते. त्यांनी गाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता कुठं गेला तुझा डोंगर?"

"जाग्यावर हाय," मी म्हणाले. "हिला ठेवून घ्या. विकतचं घाला. कुंपणाच्या आत घुसवलीत तर साहेबांना मीच फोन करीन."

'नाही' त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण शेजारी एक कुटुंब पोळ्यांचा डबा उघडून उभं होतं. दिरांनी हात जोडले आणि गाय ठेवून घेतली.

घरी आले. गोठ्यात तिचं सकाळचं शेण तसंच पडलं होतं. ते मला उचलवेना.