फाटकाबाहेरचे भुसाकाका

भुसाकाका गुडघ्यांवर बसून पाण्याच्या नळीतला बुळबुळीत थर ब्रशने खरवडत होते आणि शेडमधली कोंबडीची पिल्लं त्यांच्या पाठीवर चढत होती. "उतरा गं भवान्यांनो!" काका ओरडायचे, पण हाकलायचे नाहीत. केसांत कायम शेडमधला भुसा, म्हणून आम्हा गावकऱ्यांत हे नाव. डोक्याच्या आतही तोच आहे, असं मालक म्हणायचा.

कारण काकांनी पावडर बंद करायला लावली होती. पावडर म्हणजे अँटिबायोटिक. पिल्लू आजारी असो नसो, खाद्यात रोज कालवायची. वर्षानुवर्षं काकांनीच उघड्या हातांनी कालवली. मग त्यांची मुलगी बाळंत झाली, दिवस भरायच्या आधीच. नात मूठभर, अंगाला नळ्याच नळ्या. काका नवा शर्ट घालून दवाखान्यात गेले, तर डॉक्टरीणबाईंनी दारातच विचारलं, "काम काय करता?" काकांच्या नाकात कापसाची काडी फिरवली. त्यात असा जंतू निघाला, जो नेहमीच्या औषधांना भीक घालत नाही. रोजच्या पावडरीला सरावून असले जंतू शेडमध्येच तयार होतात, म्हणाल्या.

"मला तर साधी सर्दीपण नाही, बाई."

"तुम्हाला काही होणार नाही हो. पण हिला लागला तर आमच्याकडे द्यायला फारसं काही उरत नाही. हिला घेऊ नका, इतक्यात तरी."

काका काचेबाहेर उभे राहिले. हातांचं काय करावं कळेना, म्हणून खिशात घातले.

तिथून थेट मालकाकडे. "पावडर बंद करा."

"आणि कोंबड्या मेल्या तर तुझा भुसा विकू?"

"पिल्लं कमी भरा. बाकी मी बघतो."

"तू राबतोस तोवर बंद, भुशा. तू गेलास की चालू."

मग काय, मरणाचं काम. ओला भुसा काढ, कोरडा पसर, नळ्या घास, हवा खेळती ठेव, लस चुकवू नको. आजारी पिल्लू वेगळं काढ, औषध जनावरांचा डॉक्टर सांगेल तेव्हाच. पहिल्या खेपेला बरीच पिल्लं गेली, मालकाने शिव्यांची लाखोली वाहिली. पुढच्या खेपेला कमी गेली. शिव्याही कमी झाल्या.

नात घरी आली, पण छाती कच्चीच राहिली. काका सुट्टीच्या दिवशी मुलीच्या फाटकाबाहेर उभे राहायचे.

"बाबा, आत तरी या."

"नको गं. नाक अजून तसंच आहे."

नात रांगत फाटकाशी यायची आणि घे म्हणून हात वर करायची. काका पाठ फिरवायचे, नाहीतर उचललीच असती. कोंबडी नुसती हातात धरून वजन सांगणारा माणूस, नातीचं वजन मुलीला फोन करून विचारायचा. "आज किती भरली गं?"

लोक म्हणायचे, म्हातारा कोंबड्यांपायी नातीला विसरला. म्हणणाऱ्याचं थोबाड फोडावं, इतका राग यायचा मला.

शेडचं काम सोडलं तर तो जंतू बहुतेक काही आठवड्यांत आपोआप जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी काकांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आम्हाला हे कळलं, तेव्हा नात शाळेत जायला लागली होती.