म्हशीला आवडणारं गाणं
सरकीची पेंड भिजली की तिच्या वासासरशी मला गोठ्यातलं ते इंग्रजी गाणं आठवतं. पाच-सहा वर्षांपूर्वी सेलूच्या मोबाईलवाल्याकडून मी कार्डात भजनं भरून घेतली, त्यांत ते चुकून आलं होतं. गिटार कडाडायची आणि मधेच गाणारा रडकुंडीला यायचा. शब्द एकही कळत नव्हता, तरी धार काढताना मी रोज तेच ऐकायचे. एकदा माझी बारावी शिकलेली धाकटी जाऊ मागं येऊन उभी राहिली. "ताई, तुमाला काय कळायलंय ह्यातलं?" मी लाजून म्हणाले, "मला न्हाई, म्हशीला आवडतं." ती हसली आणि डोळे मिटून अख्खं गाणं शब्दांसकट म्हणाली. माझ्या अंगाची आग झाली. "लय दिवसांनी ऐकलं. मला बी पाठवा की," ती म्हणाली. ती घरात गेल्यावर मी ते गाणं पुसून टाकलं आणि कार्ड बिघडलं म्हणून सांगितलं. संध्याकाळी तिनं ते इंटरनेटवर शोधून काढलं. आता ती स्वयंपाकघरात ते लावते, तेव्हा अंगणात भांडी घासणारा माझा हात थांबतो, पण मलाही ते परत हवंय, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.