पांढरीतलं शेवटचं टोपलं

हौसाबाईच्या तोंडी लागू नये, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मेडशीच्या बाजारात वांगी-मेथी घेऊन बसली की गिऱ्हाइकानं भाव पाडून मागायचा अवकाश, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करूनच ती जुडी हातात द्यायची. पण तिचा खरा पट्टा सुटायचा तो वर्षातून दोनदा, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आणि दिवाळीच्या आधी. गावाला लागून, नाल्याच्या काठावर जुन्या वस्तीचं टेकाड आहे. लोक त्याला पांढर म्हणतात. तिथली माती पिठासारखी मऊ, पांढरीफेक. भिंती पोताराव्यात तर त्याच मातीनं, असा पिढ्यानपिढ्यांचा रिवाज. सणाच्या तोंडावर गावच्या सुना टोपली घेऊन निघाल्या की हौसाबाई वाटेत उभी.

"मराले चालल्या का व? बाजारातला चुना आटला का?"

पोरी तिच्या तोंडावर मान हलवायच्या आणि पलीकडच्या धुऱ्यानं, शेताच्या बांधावरून, पांढरीत जायच्या.

हौसाबाईला बोलायचा हक्क होता. ती बारा वर्षांची असताना तिची आई, प्रयागबाई, आखाजीच्या आधी याच पांढरीत माती काढायला गेली होती. वरून कोणी खणत नाही. वरची माती खडेमिश्रित असते. बायका नाल्याकडच्या अंगानं आडवं कोरत आत शिरतात, आणि आत माती चांगली लागत जाते तसतशी कपार लांबत जाते. त्या दिवशी प्रयागबाई आत होती आणि हौसा बाहेर टोपली ओतत होती. छतातून चिमूटभर माती गळाली. मग पुन्हा गळाली. हौसा म्हणाली, आई, चाल ना वं. आतून आवाज आला, "थांब, एक टोपलं अजून." ते टोपलं बाहेर आलंच नाही. गावानं फावडी घेऊन तिसऱ्या प्रहरी आईला बाहेर काढलं, तेव्हा तिच्या मुठीत माती होती.

आता एवढं झाल्यावर माणसानं त्या मातीकडं पाठ फिरवावी की नाही? फिरवावीच. पण माणसाचं मन काही सरळ फाळाचा नांगर नाही. हौसाबाईचं लग्न गावातल्या गावातच झालं. पहिल्या दिवाळीला तिनं चुन्यानं घर रंगवलं आणि रात्रभर तिला चैन पडेना. घरात तो ओल्या पांढरीचा वास नव्हता. भिंत ओली असेपर्यंत आई घरात वावरते, असं तिला लहानपणापासून वाटायचं, आणि आता तर दुसरीकडं कुठं ती भेटणारच नव्हती. दुसऱ्या वर्षी ती भल्या पहाटे एकटीच नाल्यात उतरली, बोरीच्या झुडपामागं तिनं स्वतःची कपार पाडली आणि निघताना तोंडाला काट्या लावल्या. भिंती पाहून तिच्या बापानं, जगदेवनं, विचारलं, कुठून आणली माती? ती म्हणाली, "बाजारातून." बापानं तिच्या नखांकडं पाहिलं आणि काही बोलला नाही.

पंचेचाळीस वर्षं हे असंच चाललं. साऱ्या गावाच्या सुनांना शिव्या घालणारी बाई वर्षातून दोनदा स्वतः त्या भोकात शिरत होती. फक्त एक नेम तिनं कधी मोडला नाही. शेवटचं टोपलं भरायचं नाही. ते रिकामंच घेऊन घरी यायचं.

मग टेकाडावर बोर्ड लागला. खोदण्यास सक्त मनाई, दंड आणि कैद. पुढच्या हिवाळ्यात नागपूरकडची मंडळी तंबू ठोकून राहिली. वाकाटकांच्या काळातलं गाव पोटात आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यातला प्रसेनजित नावाचा तरुण साहेब मजूर लावायला आला. हौसाबाई आणि तिची सून राधिका दोघी कामाला लागल्या. भाजीचा मळा पोरानं, दिनेशनं, सांभाळला.

हौसाबाई तिथं बघता बघता उस्ताद झाली. हातात माती चोळून ती सांगायची, ही चुलीची राख, ही पडलेली भिंत, ही कोणी मागून भरलेली. साहेब आधी हसला, मग वहीत लिहून घेऊ लागला. "मावशी, तुम्ही आमच्या मास्तर आहात," असं म्हणायचा. ती म्हणायची, "मास्तरीन असती त पगार देला असता ना बाप्पा."

माघात दोन पुरुष उंचीइतक्या खोल खड्ड्यात एक सांगाडा लागला. बाईचा होता, कुशीवर पडलेला. भोवतीची माती वेगळी, भुसभुशीत. प्रसेनजितनं ब्रश खाली ठेवला आणि म्हणाला, "हे दफन नाही वाटत, मावशी. खात्रीनं सांगता येणार नाही, पण ही एखाद्या खड्ड्यात आडवं कोरत असावी. हिच्या लोकांच्याही आधीची वस्ती होती इथं, त्या वस्तीची माती हे लोक काढत असतील. वरून कोसळलं."

हौसाबाईनं कडेला बसून खाली पाहिलं. हाडांची मूठ मिटलेली होती. "हिलेबी कोनी तरी हाक मारली असन," ती म्हणाली.

सांगाड्याचे पाय पूर्वेच्या भिंतीत गेले होते. ते मोकळे करायला खड्डा पूर्वेकडं वाढवायचा ठरला, आणि पूर्वेला नाला. नाल्याच्या बाजूला हौसाबाईची कपार.

साहेबाची पाठ वळली तशी तिनं टेकाडावरून हातानं माप घेतलं. आखाजीला ती शेवटची शिरली तेव्हा तिची कपार चार हात आत होती. खड्डा वाढवल्यावर मध्ये पाच हात घट्ट माती उरत होती. पाच हात पुष्कळ झाले, तिनं स्वतःला समजावलं. साहेबाला सांगावं, असं चार दिवस रोज सकाळी तिच्या मनात येई आणि रोज ती गप्प बसे. कैदेची तिला भीती नव्हती. पण गावाला काय तोंड दाखवायचं? जिनं पोरींना मेलेल्या आईची शपथ घालून माघारी पाठवलं, त्याच बाईची कपार, आणि तीही आईच्याच मातीत. पाच हात पुष्कळ आहेत, असं ती कामाच्या तालावर मनात घोकत राहिली.

पाचव्या दिवशी दुपारी भाकरी खाऊन प्रसेनजित तंबूत खापरं मोजायला गेला. उद्या फोटो काढायचे होते, म्हणून पूर्वेची भिंत सरळ तासायचं काम राधिकेकडं होतं. ती शिडीनं खाली उतरली. हौसाबाई काठावर बसून दोरीनं टोपली वर ओढत होती.

खालून राधिका म्हणाली, "आत्याबाई, हे माती वळखली का? आपल्या ओसरीची हाये."

"आपली ओसरी त तुवा चुन्यानं रंगवली ना दिवाळीले?"

"चुना कुठला," राधिका हसली. "तुमी तवा वाशीमले मावशीकडं गेलत्या. तुमाले सांगतलं असतं त तुमी माहा जीव घेतला असता. नाल्याकून कोनाची तरी कपार हाये, बोरीमांगं, काट्या लावेल. म्या अजून तीन-चार हात आत गेली. आत काय झकास माती लागली म्हनून सांगू."

पाचातून चार गेले. हौसाबाईला हिशेब करावाच लागला नाही. तिनं दोरी टाकून दिली. समोरच्या भिंतीतून, राधिकेच्या डोक्याच्या वर, चिमूटभर माती गळाली.

"वर ये," ती म्हणाली.

"आता उतरली ना मी."

पुन्हा गळाली, आधीपेक्षा जास्त वेळ.

"राधिका, वर ये मनतो ना तुले."

"थांबा ना आत्याबाई. एक टोपलं राह्यलं."

पासष्ट वर्षांची ती बाई लुगडं खोचून शिडीनं खाली उतरली, सुनेची वेणी धरली आणि तिला ओढत शिडीपाशी आणलं. राधिका संतापून काहीतरी बोलत होती. हौसाबाईनं तिला खांद्यानं खालून रेटलं. राधिका चौथ्या पायरीवर असताना भिंत बसली. फार मोठा आवाज झाला नाही. सोयाबीनचं पोतं खाली ठेवावं तसा धप्पकन झाला, आणि खड्डा पांढऱ्या धुळीनं भरून गेला.

एकेक खापर ब्रशनं पुसणारा प्रसेनजित त्या दिवशी दोन्ही हातांनी माती उपसत होता. मजुरांनी घमेली, पराती, झाकणं, जे सापडेल ते घेतलं. हौसाबाई छातीपर्यंत गाडली गेली होती, तोंड उघडं होतं म्हणून वाचली. तिला ओढून वर घेतलं तेव्हा अर्धं गाव काठावर जमलं होतं. तिनं आधी राधिकेला बघितलं. मग खोकून तोंडातली माती थुंकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ते कपार माही हाये. पंचेचाळीस वर्साची."

उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. अकोल्याच्या दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा आषाढ लागला होता. खड्डा बुजवून साहेब मंडळी निघून गेली होती, टेकाडाभोवती काटेरी तार आली होती. कोणी तिला टोमणा मारला नाही. त्यानंच ती जास्त खचली. शिव्यांना उत्तर देता आलं असतं. राधिकेनं तिची सेवा पोटच्या पोरीसारखी केली आणि एकदा पाया पडून रडलीही. पांढरीचं नाव पुन्हा काढणार नाही, असं तिनं आपणहून कबूल केलं.

दिवाळीला पाच दिवस राहिले. दुपारची डुलकी लागलेली हौसाबाई ओसरीवर बाजेवर जागी झाली ती वासानं. ओसरीची भिंत ओली होती आणि घरभर आई आली होती. एवढं होऊनही क्षणभर तिला बरं वाटलं, याचीच तिला पुढं शरम वाटली.

राधिका पदरानं घाम पुसत आतून आली.

"कुठून आनली?" हौसाबाईनं विचारलं.

"बाजारातून," राधिका म्हणाली. "मेडशीच्या."

हौसाबाईनं तिच्या नखांकडं पाहिलं. तिला तिचा बाप आठवला, दारात उभा राहून गप्प राहिलेला. गप्प राहायचं नाही, बोलायचं, असं ठरवून ती बाजेवर कोपर टेकून उठू लागली. कुबडी भिंतीला होती, हात पुरेना.

"मांगची एक भिंत राह्यली," राधिका कोपऱ्यातलं टोपलं उचलत म्हणाली. "एक टोपलं लागन. आलीच मी."

हौसाबाईनं हाक मारली. गावाला धाक असलेला तो आवाज दवाखान्यातून आल्यापासून ओसरीबाहेर जात नव्हता. राधिका तोवर पलीकडच्या धुऱ्यानं पांढरीच्या वाटेला लागली होती.